खोट्या नाण्यांची रांग

वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेऱ्या सुटल्या की चौदाव्या रस्त्याच्या फुटपाथवर रांगा लागतात. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बॅग, काहींच्या अंगावर लष्करी गणवेश. एक मोटार रांगेच्या तोंडाशी येऊन थांबते, काच खाली जाते आणि चालक ओरडतो, ‘हॉर्नर रोड, दोन!’ पुढचा माणूस मागच्यांना ऐकू जावं म्हणून तेच नाव पुन्हा पुकारतो. तिकडे जाणारे पहिले दोघं आत बसतात, पट्टे लावतात आणि गाडी नदीपलीकडे व्हर्जिनियाच्या दिशेनं निघते. चालक आणि प्रवासी एकमेकांना ओळखत नाहीत, ओळख करून घेण्याची कुणाला गरजही वाटत नाही. वीस-पंचवीस मैलांवरच्या वाहनतळावर प्रवासी उतरतात, ‘थँक यू’ म्हणतात आणि आपापल्या गाडीकडे चालू लागतात. पैशांचा विषय निघत नाही. सीएसएमटीबाहेर नरीमन पॉइंटच्या शेअर टॅक्सीला लागते तशीच ही रांग. फक्त इथे टॅक्सी नाही, मीटर नाही आणि भाडंही नाही.

अंगठा कुणी वर करत नसलं तरी ही लिफ्टच आहे. अनोळखी माणसाच्या गाडीत बसून राजधानीबाहेर पडण्याचा हा प्रघात पन्नासेक वर्षांचा आहे. या रांगेतल्या माणसाला म्हणतात ‘स्लग’. तो स्वतःही स्वतःला स्लगच म्हणवतो. आता अमेरिकी बोलीत स्लग म्हणजे खोटं नाणं: नाण्याच्या मापाची, साधारण तेवढ्याच वजनाची, पण दोन्ही बाजूंनी कोरी अशी धातूची चकती. यंत्रात टाकली की यंत्र फसतं. पेंटॅगॉनमधल्या कर्नलसाहेबांना खोटं नाणं म्हणायची वेळ कशी आली, या प्रश्नानं मला या रस्त्यावर आणलं.

लिफ्टचा मागचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तो भराभर संपवू. मोटारी वाढल्या तसे पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी तरुण रस्त्याकडेला उभे राहू लागले. 1934 सालच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये क्लार्क गेबलच्या अंगठ्याला एकही गाडी थांबली नाही, क्लॉडेट कोल्बेरनं पाय दाखवताच थांबली, आपल्याकडे तोच चित्रपट आधी ‘चोरी चोरी’ आणि मग ‘दिल है के मानता नहीं’ होऊन आला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायर यांचं रेशनिंग झालं, तेव्हा सरकारनंच लिफ्ट देणं हे देशकार्य ठरवलं. 1943 सालचं एक भित्तिचित्र प्रसिद्ध आहे. एकटाच मोटार हाकणारा गृहस्थ आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हिटलरची पुसट आकृती. युद्ध संपलं आणि सरकारचा सूर फिरला. एडगर हूव्हरच्या एफबीआयनं रस्त्याकडेचा हसतमुख तरुण खुनी असू शकतो अशी पत्रकं छापली. पुढे मोठे महामार्ग आले, त्यांवर पायी माणसाला उभं राहायलाच बंदी. सत्तरीच्या दशकात अंगठा हळूहळू खाली गेला, असं सगळेच लिहितात.

मला ते पटत नाही. अंगठा जिथे खाली गेला म्हणतात, त्याच दशकात आणि त्याच देशाच्या राजधानीत ही रांग उभी राहिली. लिफ्ट मेली नाही, तिनं टाय बांधला.

रांग उभी राहिली ती एका रस्त्यामुळे. व्हर्जिनियाचे महामार्ग आयुक्त हेन्री शर्ली यांच्या नावाचा शर्ली हायवे दक्षिणेकडून पेंटॅगॉनला आणि तिथून पोटोमॅक नदीवरच्या पुलाला भिडतो. साठीच्या दशकात तो सकाळ-संध्याकाळ तुंबू लागला. तेव्हा 1969 मध्ये त्याच्या मधोमध फक्त बससाठी लेन राखून ठेवल्या गेल्या. अमेरिकेच्या महामार्गावर असा प्रयोग पहिलाच. शेजारी मोटारी मुंगीच्या पावलांनी सरकत आणि बस सुसाट निघून जाई. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्याच डिसेंबरात त्या लेन चार किंवा अधिक माणसं असलेल्या मोटारींना खुल्या झाल्या.

सरकारच्या डोळ्यांपुढे होते एकाच गल्लीत राहणारे, एकाच कचेरीत जाणारे, पेट्रोलचा खर्च वाटून घेणारे चार शेजारी. पण रोज एकाच वेळी तयार होणारे चार शेजारी मिळवणं किती कठीण! एकाची बैठक लांबते, दुसऱ्याचं पोर आजारी पडतं. लेन समोर मोकळी आणि गाडीत माणसं दोनच. अशा वेळी एखाद्या चालकाची नजर बस स्टॉपकडे गेली असणार. तिथे हवी तितकी माणसं उभी होती आणि सगळी एकाच दिशेला जाणारी. त्याला लेन हवी होती, त्यांना फुकट आणि लवकर पोचायचं होतं. व्हर्जिनियाचा कायदा लिफ्ट मागण्यासाठी रस्त्यात उभं राहू देत नाही. रस्त्यात, फुटपाथवर नव्हे. बससाठी उभ्या असलेल्या माणसाला कोण हटकणार? गंमत अशी की मोटारींनी आधी बसची लेन उसनी घेतली आणि मग तिचे प्रवासीही.

आता मूळ भांडणाकडे. स्लग हे नाव कुठून आलं?

चटकन सुचणारी उत्तरं तीन. पहिलं, बिनशंखाची गोगलगाय. रांग मंद सरकते म्हणून स्लग. पण ही माणसं तर बसपेक्षा लवकर घरी पोचतात. त्यांना गोगलगाय म्हणायचं तर शेजारच्या लेनमधल्यांना काय म्हणणार? दुसरं, ठोसा. इंग्रजीत स्लग म्हणजे गुद्दा हाणणं. रांगेत गुद्दागुद्दी होत नाही, तेव्हा हेही बाद. तिसरं जास्त मोहक आहे. छापखान्यात लायनोटाइप यंत्रातून निघणाऱ्या शिशाच्या ओळीला स्लग म्हणत. आपल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतही बातमीचा ‘स्लग’ अजून देतात. पत्रकारांनी भरलेल्या शहरात ओळीत उभ्या माणसांना कुणी ‘स्लग लाइन’ म्हटलं असेल, असं वाटून जातं. पण ही रांग पत्रकारांची नाही, सरकारी बाबूंची आणि सैनिकांची आहे. शिवाय नाव आधी माणसाला चिकटलेलं दिसतं, रांगेला नंतर.

उरलं खोटं नाणं. सर्वमान्य कथा अशी: बसचालक स्टॉपवर घोळका बघून थांबे, दार उघडे आणि कुणीच चढत नसे. ते मोटारीची वाट पाहत असत. वैतागलेले बसचालक त्यांना स्लग म्हणू लागले. दिसायला प्रवासी, प्रत्यक्षात खोटे. या रांगांवर डेव्हिड लेब्लांक यांनी 1999 मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ही कथा पक्की झाली.

कथा सुबक आहे, आणि बसचालकाच्या तोंडी ही शिवी शोभते याला एक कारण आहे. अमेरिकेत बसचालक पूर्वी सुटे पैसे देई, त्यामुळे त्याच्याजवळ रोकड असे. 1968 मध्ये वॉशिंग्टनमध्ये लुटारूंनी एका बसचालकाला ठार मारलं. त्यानंतर चालकाकडची रोकड बंद झाली. प्रवाशानं नेमके पैसे किंवा टोकन कुलूपबंद पेटीत टाकायचे, मोड मिळणार नाही. ही पद्धत लवकरच देशभर पसरली. चालकाचा हात पैशांना लागेनासा झाला, त्याला उरली फक्त नजर. पेटीच्या वरच्या काचेतून नाणं घरंगळताना दिसे तेवढ्यात खरं-खोटं ओळखायचं. अशा माणसाच्या डोक्यात खोटं नाणं सतत घोळणारच. आणखी एक पुरावा: वॉशिंग्टनची मेट्रो रेल्वे 1976 मध्ये सुरू झाली, तिनं धातूचं टोकन कधी वापरलंच नाही, तिथे चुंबकीय पट्टीची कागदी तिकिटं आली. तेव्हा नाव रेल्वेकडून आलेलं नाही, बसकडूनच आलं. सार्वजनिक फोनमध्येही लोक स्लग टाकत, म्हणून हा पुरावा निर्णायक नाही. पण फोन वैतागून शिवी देत नाही.

तरी या कथेत मला एक गोष्ट खटकते. खोटं नाणं पेटीत जातं, तेव्हाच ते फसवतं. हे लोक तर बसमध्ये चढतच नाहीत. पेटीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला खोटं नाणं का म्हणावं? उपमा उलटी पडते. ती सुलटी करायची तर बसचालकाच्या जागेवरून उठून मोटारीच्या चालकाच्या जागेवर बसायला हवं. त्याच्यापुढे एक बंद लेन आहे. ती उघडायला चार माणसं लागतात. तो वाटेतून माप आणि वजन जुळणारी तीन डोकी उचलतो, गाडीत टाकतो आणि लेन उघडते. सरकारला हव्या असलेल्या शेजारधर्माचा छाप त्या डोक्यांवर नाही. दोन्ही बाजू कोऱ्या. खोटं नाणं ते हेच. माझ्या मते शब्द बसचालकाचा असेल, पण तो टिकला मोटारवाल्यांमुळे. शिवी असती तर रांगेतल्यांनी ती इतक्या आनंदानं मिरवली नसती. रांगेला वळसा घालून वाहनतळावरूनच माणसं उचलणाऱ्या चालकाला हे लोक ‘बॉडी स्नॅचर’ म्हणतात, म्हणजे प्रेतं पळवणारा. लेनला जिवंत सोबती नको आहे, फक्त देह मोजायचे आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

माझ्या तर्काला टोचणारी गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोत आहे. तिथेही बे ब्रिज ओलांडण्यासाठी सत्तरीच्या दशकापासून बस स्टॉपजवळ अशाच रांगा लागत आल्या, पण तिथे त्याला नुसतं ‘कॅज्युअल कारपूल’ म्हणतात. स्लग हा शब्द तिथे रुजला नाही. तिथे पुलाचा टोल फक्त शहरात शिरताना लागतो, म्हणून कारपूलची सवलतही तेव्हाच. त्यामुळे सकाळी मोटारीनं आलेले लोक संध्याकाळी बस किंवा लोकलनं परतत. शर्ली हायवेच्या मधल्या लेन मात्र सकाळी शहराकडे वाहतात आणि दुपारनंतर उलट्या होऊन शहराबाहेर. म्हणून वॉशिंग्टनची रांग दोन्ही वेळची, रोज भेटणाऱ्या लोकांची. रोज भेटणाऱ्यांतच टोपणनावं पडतात.

गाडीतली डोकी मोजण्याचा हाच नियम दुसऱ्या राजधानीत काय करतो, ते जकार्तात दिसलं. तिथल्या मुख्य रस्त्यांवर 1992 पासून गर्दीच्या वेळी गाडीत तीन माणसं असणं सक्तीचं होतं. लगेच रस्त्याकडेला ‘जोकी’ उभे राहिले. एक बोट वर केलं की एक माणूस, दोन बोटं म्हणजे बाई आणि कडेवरचं मूल. पैसे घ्यायचे, गाडीत बसायचं, हद्द ओलांडली की उतरायचं. मुलांना गुंगीचं औषध देऊन भाड्यानं दिलं जातं असे आरोप झाले आणि 2016 मध्ये नियमच रद्द झाला. वाहतूक इतकी तुंबली की पुढच्या वर्षी ‘सायन्स’मध्ये छापलेल्या अभ्यासात संध्याकाळचा खोळंबा 87 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. जकार्तात खोट्या नाण्याला भाव होता, तो कुठल्याही गरिबाला मिळत होता. वॉशिंग्टनमध्ये पैसा निषिद्ध राहिला, कारण रांगेतला माणूस आणि चालक दोघंही पगारी सरकारी नोकर, दोघांच्या गळ्यात एकाच मालकाचं ओळखपत्र. एफबीआयनं ज्या अनोळखी माणसाची भीती घातली होती, तो इथे एफबीआयमध्येच नोकरीला असू शकतो.

लिखित कायदा नसतानाही या रांगेचे नियम कडक आहेत. चालक बोलला तरच बोलायचं. रेडिओ त्याच्या मर्जीचा. खाणं, धूम्रपान, फोनवर गप्पा बंद. आणि आणखी एक नियम: बाईला रांगेत एकटं मागे ठेवायचं नाही, तशी वेळ आली तर पुढचा पुरुष तिला आपली जागा देतो किंवा चालक तिसऱ्यालाही घेतो. स्प्रिंगफील्डच्या एका रांगेला अजून ‘बॉब्ज’ म्हणतात, तिथलं बॉब्ज बिग बॉय नावाचं रेस्टॉरंट कधीच बंद पडलं तरी.

1989 मध्ये चाराचे तीन झाले, त्यामुळे चालकाला दोनच डोकी पुरू लागली आणि रांगा भराभर सरकू लागल्या. 2014 मध्ये आणि पुढे 2019 मध्ये या लेन टप्प्याटप्प्यानं टोलच्या झाल्या. एकटा चालकही आता पैसे भरून आत शिरू शकतो. तिघं असतील तर टोल माफ, त्यासाठी काचेवरच्या डबीचं बटण सरकवायचं. गर्दीप्रमाणे टोल सतत बदलतो आणि फलकावर झळकतो. म्हणजे त्या क्षणी दोन स्लग किती डॉलरचे, हे सर्वांना वाचता येतं. 2020 मध्ये महामारीत कचेऱ्या घरी गेल्या आणि रांगा विरून गेल्या. जानेवारी 2025 मध्ये संघराज्याच्या नोकरांना पुन्हा कचेरीत हजर होण्याचा आदेश निघाला आणि रांगा पुन्हा लागल्या. सॅन फ्रान्सिस्कोत जुलै 2010 पासून कारपूललाही अडीच डॉलर टोल लागू झाला, तेव्हा प्रवाशानं एक डॉलर पुढे करावा की नाही यावर वाद पेटला. वॉशिंग्टनमध्ये मात्र फलकावर रोज भाव झळकत असूनही तो डॉलर कुणी पुढे करत नाही, आणि कुणी मागतही नाही.