चौकडीचा गाव

कॉव्हेंट्रीच्या स्टेशनाबाहेर तुम्ही उभे आहात आणि साल आहे १९७९. कॅलेंडरावर वसंत लागलाय, हवेला मात्र त्याचा पत्ता नाही. अंगात पातळ जाकीट, खिशात थोडी चिल्लर. समोर काँक्रीटच्या इमारती, शहराला वेढून बसलेला रिंगरोड, त्याखालून जाणारी ओलसर भुयारं. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी इथलं जुनं गाव जाळलं. कॅथीड्रलच्या जळक्या भिंती मुद्दाम तशाच राखल्यात. मग मोटारींच्या कारखान्यांनी शहराला पोसलं: जॅग्वार, ट्रायम्फ, मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर. जमैकाहून, पंजाबातून, आयर्लंडहून माणसं इथे कामाला आली आणि इथलीच झाली. आता कामं आटत चाललीत. भुयाराच्या भिंतीवर रंगाने दोन अक्षरं फासली आहेत, ‘एनएफ’. नॅशनल फ्रंट, गोरे नसलेल्यांना देशाबाहेर घालवा म्हणणारा पक्ष. अक्षरं वाचली आणि तुमची पावलं आपोआप झपाझप पडू लागली.

अर्ल्सडन भागात या. ऑल्बनी रोड, घर क्रमांक ५१. इथे जेरी डॅमर्स राहतो. वय तेवीस, पाद्र्याचा मुलगा, जन्म आपल्याकडच्या उटीचा. इथल्या लँचेस्टर पॉलिटेक्निकमध्ये कलाशिक्षण घेतलेला हा तरुण ‘द स्पेशल्स’ नावाच्या बँडमध्ये ऑर्गन वाजवतो. समोरचे दात नसल्यामुळे त्याचं हसू एकदा पाहिलं की विसरत नाही.

आवाज न करता त्याच्या मागे उभे राहा. समोर १९६५ सालच्या एका जमैकन रेकॉर्डचं कव्हर आहे, ‘द वेलिंग वेलर्स’. त्यावर तीन तरुण. त्यांतला एक बॉब मार्ली; पण जेरीची नजर त्याच्यावर नाही, काळा चष्मा लावलेल्या पीटर टॉशवर आहे. तो टॉशला कागदावर उतरवतो आणि उतरवता उतरवता त्याच्यातलं एकेक काढून टाकतो. चेहऱ्यावरचे भाव गेले, कपड्याच्या सुरकुत्या गेल्या, करडी छटा गेली. उरला तो नुसता काळा सूट, पांढरा शर्ट, काळा टाय, लहान काठाची हॅट, पांढरे मोजे. या माणसाला नाव मिळालं ‘वॉल्ट जॅब्स्को’. जेरीकडच्या एका जुन्या बोलिंग-शर्टावर ते शिवलेलं होतं. वॉल्टभोवती काळ्या-पांढऱ्या चौकड्या आल्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या. एक गाव वसला आणि त्याला पहिला रहिवासी मिळाला.

हा गाव कुठल्या काळातला, हे नीट बघून घ्या. जमैका १९६२ साली स्वतंत्र झाली, त्या सुमारास किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत स्का संगीत उसळलं. तिथल्या ‘रूड बॉय’ पोरांच्या खिशात काही नसे, पण सूट कडक इस्त्रीचा लागे. स्थलांतरितांच्या सामानातून स्काच्या रेकॉर्ड इंग्लंडात पोचल्या. साठच्या दशकात कामगारवस्त्यांतली गोरी मुलं, मॉड्स आणि त्यांच्यामागून आलेले डोकं तासलेले पहिले स्किनहेड, त्यावर नाचली, ते कपडे त्यांनी उचलले. पुढच्या दहा वर्षांत चक्र असं फिरलं की तासलेलं डोकं बघितलं की काळी आणि आशियाई माणसं रस्ता बदलू लागली. जेरीने नेमका तो जुना पेहराव पुन्हा बाहेर काढला. तेव्हाच्या कुठल्याही सालात शिरलात तरी त्याचा गाव तुम्हाला सापडणार नाही. किंग्स्टनचे कपडे, इंग्लंडच्या पंकचा वेग आणि मंचावर खांद्याला खांदा लावून काळे-गोरे, ही तिन्ही एका जागी कधी नव्हतीच. त्याने आठवणींचे तुकडे घेतले आणि न घडलेला भूतकाळ शिवला. माझ्या मते जुन्याच्या ओढीतून आजवर जेवढ्या दुनिया रचल्या गेल्या, त्यांत इतकी नेकीने रचलेली दुसरी नाही.

आता कपडे बदला. जुन्या कपड्यांच्या दुकानात मागच्या दांड्यावर एक सूट लटकतोय. हात लावा. उजेडात धरला की हिरवट, वळवला की तपकिरी. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्याचा, पैठणीत जिला आपण धूपछाव म्हणतो तीच करामत. या कापडाला इथे टॉनिक किंवा टू-टोन म्हणतात, आणि जेरीच्या रेकॉर्ड-लेबलचं नावही ‘टू टोन’च आहे. मापाला कोट थोडा मोठा आहे. कुणा अनोळखी माणसाने दहा-बारा वर्षांपूर्वी यात नाच केला असेल. बटण लावताच तुमची पाठ ताठ होते. या गावात शिरायला पासपोर्ट लागत नाही, एवढा कोट पुरतो.

लेबलची पहिली रेकॉर्ड ‘गँगस्टर्स’, उसने पैसे घेऊन काढलेली. एका बाजूला स्पेशल्स, दुसऱ्या बाजूला ‘द सिलेक्टर’. त्यानंतर सगळं फार भराभर होतं, म्हणून थेट ८ नोव्हेंबर १९७९ या गुरुवारावर उडी घ्या. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ लागलाय. एकाच कार्यक्रमात स्पेशल्स, सिलेक्टर आणि लंडनचा मॅडनेस. सिलेक्टरची गायिका पॉलीन ब्लॅक काल-परवापर्यंत रुग्णालयात एक्स-रे काढायची. पुरुषी सूट, डोक्यावर हॅट, आणि तिच्या हालचालीत कुणाची परवानगी मागितल्याची खूण नाही. सोफ्यावरची शाळकरी मुलगी खाऊ विसरून बघत राहिलीय. उद्या वहीच्या पुठ्ठ्यावर ती चौकड्या काढेल. एक काळं पेन आणि पट्टी, एवढ्यावर हा गाव कुणालाही पुन्हा काढता येतो.

हिवाळ्यातल्या एका रात्री शहरातल्या टिफनीज या नाचघरात चला. आत वाफ, घाम, बिअर, ओल्या लोकरीचा वास. जॉन ब्रॅडबरी ड्रमवर काठी मारतो आणि सगळं नाचघर उकळू लागतं. ठेका असा धरा: ‘एक आणि दोन आणि’ असं मोजा. गिटार आकड्यावर वाजतच नाही, ‘आणि’वर वाजते. आपण टाळी देतो तिथे पोकळी, आणि श्वास घेतो तिथे खट्कन घाव. म्हणून गुडघे आधी कळतात, डोकं मागाहून. कोपरं मागे-पुढे, पावलं जागच्या जागी धावल्यासारखी. मंचावर जमैकात जन्मलेला नेव्हिल स्टेपल स्पीकरवर चढलाय, आणि त्याच्या शेजारी टेरी हॉल चेहऱ्याची रेषही न हलवता गातोय. तुमच्या डावीकडे पंजाबी मुलगा, उजवीकडे डोकं तासलेला गोरा. दोघांचेही मोजे पांढरे. घामाने तिघांचे कोट एकाच रंगाचे झालेत.

मधेच हात वर करून नाझी सलाम ठोकणारी पोरंही अशा कार्यक्रमांत घुसत. कपडे तेच, बॅजही तेच. मारामारी पेटली की बँड वाजवायचं थांबवी. हे बघताना तुमच्या पोटात गोळा येईल, पण मान वळवू नका. वेशीला दार नव्हतं, त्यामुळे चुकीच्या माणसांनाही आत येता आलं. जेरीला ते माहीत होतं. त्याला याच पोरांशी बोलायचं होतं, म्हणून दार न बसवणं मला बरोबर वाटतं.

१९८१ चा उन्हाळा. त्याच शहराच्या मध्यभागी एप्रिलमध्ये सतनाम गिल या तरुणाचा वंशद्वेषातून खून झालाय, आणि जूनमध्ये स्पेशल्सनी वंशवादाविरुद्ध कार्यक्रम केलाय. ट्रायम्फच्या कॅनली कारखान्यात मोटारी जोडण्याचं काम आदल्या वर्षीच बंद पडलं. रेडिओवर ‘घोस्ट टाउन’ लागतं. नाचाचा वेग उतरलेला, ऑर्गन भुताच्या गोष्टीसारखा, रिको रॉड्रिग्जचं ट्रॉम्बोन लांबून आल्यासारखं. लंडनचं ब्रिक्स्टन एप्रिलमध्ये दंगलींनी पेटलंच होतं, आता जुलैत लिव्हरपूलचं टॉक्स्टेथही, आणि ११ जुलैला हेच गाणं इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोचतं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बँडमधल्या लिनव्हल गोल्डिंगचं गाणं आहे, ‘व्हाय?’ लंडनमध्ये वंशद्वेष्ट्यांनी त्याला मारहाण केली, त्यानंतर त्याने लिहिलेलं. ती बाजू आवर्जून ऐका. यश हाती आलेलं असतानाच हॉल, स्टेपल आणि गोल्डिंग बँड सोडून जातात.

चौकडीचा गाव फार तर दोन-अडीच वर्षं नांदला. त्याने नॅशनल फ्रंट संपवला असं मी म्हणणार नाही. पण १९७९ मध्ये त्या गावात राहून आलेल्या मुलाला ‘काळ्या-गोऱ्यांनी एकत्र नांदणं शक्यच नाही’ असं पुन्हा कुणी पटवू शकलं नसेल, कारण त्याने ते टिफनीजमध्ये स्वतःच्या अंगावर घामासकट घेतलं होतं. जेरीनेही लेबल लगेच बंद केलं नाही. त्याने लिहिलेलं नेल्सन मंडेलांच्या सुटकेचं गाणं १९८४ साली याच टू टोनवर निघालं, मंडेला तुरुंगातून सुटायच्या सहा वर्षं आधी.

आता कोट काढा आणि आजच्या कॉव्हेंट्रीत या. टिफनीजची ती इमारत अजून आहे. नाचघर गेलं, तिथे शहराचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. जिथे स्पेशल्स वाजवत होते तिथे पुस्तकांचे कप्पे लागलेत.