साठी, बुद्धी आणि ज्वारीची भाकरी

‘साठी, बुद्धी नाठी’ ही म्हण वृद्धांच्या विस्मरणाचे सगळे खापर वयावर फोडते. वैद्यकाच्या इतिहासात मात्र एका आजाराचे कारण ताटात सापडले, आणि त्याचा धागा लेण्यांच्या पातूरलाही परिचित असलेल्या ज्वारीपर्यंत येतो.

आजाराचे नाव पेलाग्रा. ऊन लागणारी कातडी काळवंडते, जुलाब होतात, शेवटी स्मृती आणि भान हरपते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेत, म्हणजे वऱ्हाडासारख्याच कापूसपट्ट्यात, त्याने थैमान घातले. कापूस दारापर्यंत पेरलेला; गरीब कुळांच्या ताटात मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. १९१४ साली जोसेफ गोल्डबर्गर यांनी वेड्यांच्या इस्पितळांत एक साधी गोष्ट हेरली: आजार रुग्णांना जडत होता, त्यांच्या सहवासातील परिचारिकांना नाही. मग हा संसर्ग कसा? पुढच्या वर्षी मिसिसिपीत ११ कैद्यांना माफीच्या आश्वासनावर तसाच निकृष्ट आहार दिला गेला. ६ जणांत लक्षणे उमटली. (आज असा प्रयोग कोणी मान्य करणार नाही.) १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी उणीव नायसिनची असल्याचे दाखवले. त्यानंतर भ्रमिष्ट ठरवलेले रुग्ण उपचाराने काही दिवसांत भानावर येऊ लागले.

पेलाग्रा मका खाणाऱ्यांचा मानला जाई. दख्खनमध्ये तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दिसला. १९६० मध्ये हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ज्वारीतील ल्युसिनच्या आधिक्याकडे बोट दाखवले. त्या सिद्धान्तावर पुढे बराच वाद झाला.

दोष एकट्या ज्वारीचा नव्हे, ताटात दुसरे काही नसण्याचा. वऱ्हाडात कपाशीमध्ये तुरीच्या ओळी असतात; वरण आणि शेंगदाण्याची चटणी नायसिनची बाजू सावरतात. कोरडी भाकरी आणि मीठ यांवर दिवस काढणाऱ्या मजुराला हे संरक्षण नव्हते, आणि दात गेलेल्या म्हाताऱ्याला तर सर्वांत कमी.

पेलाग्रा आता विरळ झाला आहे. वृद्धांत आज अधिक आढळते ती बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव. वयानुसार जठराची ते अन्नातून सोडवून घेण्याची शक्ती घटते. भाकरीत आणि डाळीत ते नसतेच, दूध, अंडी, मासे आणि मांस यांत असते. अल्झायमर हा निराळा आजार, तो आहाराने बरा होत नाही. पण बी-१२च्या अभावाने आलेला विसराळूपणा रक्ताच्या तपासणीने ओळखता येतो, आणि वेळीच ओळखला तर बहुधा उलटवताही येतो.