आग्वादच्या भिंतीआड

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या नायगावातली अर्धी चाळ ओस पडते. कोणी कुलदेवतेला, कोणी मालवणास, तर कोणी गोव्यास. गोव्यास गेलेली मंडळी आग्वादचा दीपस्तंभ पाहून परततात. खाली, लाटांच्या तोंडाशी असलेल्या तुरुंगाकडे मात्र पावले क्वचितच वळतात.

किल्ला १६१२ सालचा, डचांच्या धाकाने बांधलेला. सालाझारच्या अमदानीत त्यात राजबंदी कोंडले जाऊ लागले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरचा पहारा, खटले लष्करी न्यायालयापुढे. आत काय घडते हे बाहेर कळावे कसे? १९४६ साली डॉ. लोहिया इथल्या कोठडीत होते. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना आठ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी थेट पोर्तुगालात, पेनिशच्या किल्ल्यात झाली.

भिंती बोलत नाहीत. बोलले ते सुटून आलेले. १९५५ च्या सत्याग्रहात मधु लिमये यांना पोलिसांनी बेदम मारले, बारा वर्षांची सजा ठोठावली. एकोणीस महिन्यांच्या त्या बंदिवासात त्यांनी रोजनिशी लिहिली. ती छापली गेली १९९६ साली, त्यांच्या निधनानंतर. पुरावा म्हणून मी तिलाच अधिक मानतो, कारण ती कैदेत असतानाच लिहिलेली आहे. मोहन रानडे यांचे ‘सतीचे वाण’ सुटकेनंतरचे. पण घरी सर्वांनी मिळून वाचावे ते हेच.

रानडे सांगलीचे. गोव्यात मराठी शिकवायला गेले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची! पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात नेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पेढे वाटले गेले, आणि हा माणूस तिकडे एकान्त कोठडीतच. त्यांच्यासाठी झटले ते आमच्या शेजारचे, दादरचे सुधीर फडके. ज्यांची गाणी आपण पहाटे ऐकतो, तेच. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले.

आग्वादच्या तुरुंगाचे डिसेंबर २०२१ मध्ये संग्रहालय झाले आहे. रंगरंगोटी अंमळ जास्तच झाली. पण मुलांना तिथे अवश्य न्यावे, पुस्तक आधी वाचून.

काशियशची दारे उरलेल्या कैद्यांसाठी उघडली ती एप्रिल १९७४ मध्ये, लिस्बनमधल्या क्रांतीनंतर. त्या खेपेस बाहेर पडले ते पोर्तुगीजच होते.