तारांच्या मुलखात

दीपनगरच्या कॉलनीत विमानाचा विषय निघाला की नाना थेट १८९५ सालात जात. मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपद्यांनी विमान उडवलं, ही गोष्ट त्यांनी वडिलांकडून ऐकलेली. त्याला भक्कम पुरावा नाही, असं मी म्हणायचो. नाना चिडत नसत. "पंधराशे फूट चढलं आणि पडलं म्हणतात. चढल्याचं सगळे सांगतात रे, उतरवलं कोणी?"

नानांची सगळी नोकरी इथल्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. त्यामुळे कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०२० मध्ये धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवरून उडाल्याची बातमी आली, तेव्हा त्यांना कौतुक वाटलंच, पण पहिला प्रश्न त्यांचाच होता : "हवेत इंजिन ट्रिप झालं तर?"

मी वाचलेलं सांगितलं. घरी बांधलेल्या विमानात बरेचदा दगा देते ती इंधनाची वाट. टाकीत पाणी उतरतं, गाळणीत कचरा अडकतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ धरते. पण इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. नाक थोडं खाली धरून वेग राखला, तर हजार फुटांवरून साधारण अडीच किलोमीटर तरंगत जातं. जीव जातो तो बहुधा उड्डाण घेताच इंजिन गेल्यावर धावपट्टीकडे माघारी वळण्याच्या मोहात. वळताना वेग मरतो, पंख हवा सोडतात. तेव्हा समोर असेल ते शेत आपलं.

"कोणतं शेत?" नाना म्हणाले. इथे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. यावल-रावेरकडची केळी वरून मऊ हिरवी दिसते, आत घडांना टेकू दिलेले बांबू उभे. जुलैतल्या काळ्या जमिनीत चाक रुतलं की विमान नाकावर उलटणार. कपाशी निघून गेलेलं एप्रिलचं शेत त्यातल्या त्यात बरं. आणि दीपनगरातून चहूकडे गेलेल्या हाय टेन्शनच्या तारा! "वरून तार दिसत नाही. टॉवर शोधायचे, दोन टॉवरांच्या मध्ये तार आहेच असं धरायचं."

नानांचं हे बोलणं पुढच्याच वर्षी आठवलं. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डीजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, शिकाऊ विमान कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. वाट चिखलाची, गाडी पोहोचेना. एका आदिवासी बाईने अंगावरची साडी सोडून दिली. तिची झोळी करून लोकांनी मुलीला खांद्यावरून खाली आणलं.