रुधिराचा ओघ आणि धमन्यांतील लेप

ज्यानें भीमेचें किंवा कृष्णेचें पात्र पाहिलें आहे, त्यास हें सांगावयास नको कीं, वळणाच्या आंतल्या अंगास वाळू सांचते आणि बाहेरच्या अंगास दरड कोसळते. आपल्या धमन्यांनाही वळणें आहेत, फांटे आहेत. आणि कोलेस्टेरॉलचे थर सर्वत्र सारखे न बसतां बहुधा अशाच जागीं बसतात. असें कां, या प्रश्नाचा इतिहास आम्हांस एखाद्या लांबलेल्या दाव्यासारखा वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन पंडित फिर्खो यांनीं हा विकार म्हणजे धमनीच्या अस्तराचा दाह होय, असें मत मांडलें. १९१३ सालीं रशियांत आनिच्कोव्ह यांनीं सशांस कोलेस्टेरॉल खाऊं घातलें, तेव्हां त्यांच्या महाधमनींत मेदाचे डाग उमटले. द्रव्याचा शोध लागला खरा. पण साऱ्या रक्तांत सारखेंच वाहणारें द्रव्य भिंतीच्या एकाच भागीं कां रुतावें?

ओघाकडे लक्ष वळलें तें येथून. वाहतें रक्त भिंतीस घांसून पुढें ओढीत असतें. १९६८ सालीं अमेरिकेंत डोनाल्ड फ्राय यांनीं कुत्र्यांच्या महाधमनींत ही ओढ मुद्दाम वाढविली. ती दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ४०० डाइन झाली, तेव्हां अस्तराच्या पेशी विस्कटल्या. अर्थात् वेगवान् ओघ हाच अपराधी! परंतु दुसऱ्याच वर्षीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील कॉलिन करो व त्यांचे सहकारी यांनीं मनुष्याच्या धमन्या तपासून नेमकें उलट सांगितलें: आरंभींचे डाग ओढ मंद असते तेथें पडतात. निरोगी धमनींत ही ओढ साधारण १० ते ७० डाइनच असते, हें ध्यानीं घेतलें म्हणजे फ्राय यांचा साक्षीदार खोटा नव्हे, पण प्रस्तुत दाव्यांतलाही नव्हे, असें आम्हांस वाटतें.

१९८३ सालीं झॅरिन्स, गिडन्स प्रभृतींनीं मानेंतील धमनीचा फांटा घेऊन तेथील ओघ व थरांची जाडी ताडून पाहिली. जेथें ओघ दुभंगून वेगानें जातो ती भिंत जवळजवळ स्वच्छ. समोरच्या बाहेरील फुगीर भागीं, जेथें रक्त रेंगाळतें व क्षणभर मागेंही फिरतें, तेथें थर जाड. निकाल करो यांच्या बाजूनें लागला.

मात्र नदीचा आमचा दृष्टान्त येथें थोडा फसवा ठरतो. वाळू आपोआप खालीं बसते. धमनीचें अस्तर जिवंत आहे. एकदिशेनें वाहणाऱ्या ओघांत त्याच्या पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या रोखानें लागतात आणि नायट्रिक ऑक्साइड हा रक्षक वायु निर्माण करतात. ओघ मंदावला, डळमळूं लागला, कीं त्या बेडौल होतात, त्यांच्यामधून कोलेस्टेरॉलवाहक कण आंत झिरपून अडकतात, आणि त्यांच्या मागोमाग पांढऱ्या पेशी शिरतात. म्हणजे फिर्खो यांचा दाह वेगळ्या वाटेनें परत आलाच! रक्तदाब, तंबाखू, मधुमेह हे साऱ्या देहास सारखेच गांठतात. जागा मात्र ओघ ठरवितो.

करो यांनीं पुढें उतारवयांत मळसूत्री वळणाच्या स्टेंटची कल्पना पुढें आणली. अशा नळींतून जातांना रक्तास भोवऱ्याची गति मिळते आणि भिंतीशीं तें रेंगाळत नाहीं.