हेब्रनच्या दारापर्यंत

१७ फेब्रुवारी १९७६, दुपार. अस्थिशल्यविशारद जेम्स स्टायनर कॅलिफोर्नियातलं लग्न आटोपून, स्वतःच छोटं विमान चालवत, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात लिंकनला घरी निघालेत. सोबत पत्नी आणि चार मुलं. धाकटी तीन वर्षांची.

संध्याकाळी ६ च्या सुमारास. ढग फार खाली उतरलेले. विमान झाडांवर आदळून शेतात कोसळतं. पत्नी जागीच गेली. डोक्याला मार लागून तीन मुलं बेशुद्ध, चौथ्याचा हात मोडलेला. स्टायनर स्वतःही जबर जखमी.

रात्री ८, १०, १२. कुणीही येत नाही. भर हिवाळा. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं आणि गारठलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या अंगात रक्तच असतं लिटर-सव्वा लिटर. त्यातला पाव हिस्सा गेला तरी रक्तदाब बराच वेळ टिकतो, पाहणारा फसतो, आणि मग दाब एकदम ढासळतो.

पहाटे २ च्या सुमारास. स्टायनर रस्त्यावर जाऊन एक गाडी थांबवतात. जवळचं गाव हेब्रन.

रुग्णालय. दार बंद. डॉक्टरांना घरून बोलवावं लागतं. आठ तास निभावलेल्या मुलांवरचा खरा घाला मला इथे दिसतो. बेशुद्ध मुलाला खांदे नि गुडघे धरून उचललं जातं, मानेला आधार नाही. लहान मुलाचं डोकं धडाच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. मणका दुखावला असेल तर एवढ्या हिसक्याने ते मूल जन्मभर लुळं पडू शकतं. क्ष-किरणात कवटी शाबूत दिसली, म्हणून जखमा शिवायला घेतल्या. मानेचा विचारच नाही. त्या डॉक्टरांना दोष देऊन काय होणार? आधी काय पाहायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

त्यानंतर. स्टायनर लिंकनच्या सहकाऱ्यांना फोन करतात, मुलांना तिकडे हलवलं जातं. चारही मुलं वाचली.

१९७८. त्या रात्रीच्या अनुभवावरून नेब्रास्कातल्याच ऑबर्न गावात स्टायनर आणि सहकारी डॉक्टरांसाठी पहिला प्रशिक्षणवर्ग घेतात: आधी मान सांभाळून श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्तस्राव. टाके नंतर. अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने १९८० मध्ये तो स्वीकारला. आज ‘एटीएलएस’ नावाने तो भारतातल्या डॉक्टरांनाही शिकवला जातो.