काजळीवरचा खडू

जिना जपून चढा. ऑगस्ट 1945, हिरोशिमातली फुकुरोमाची राष्ट्रीय शाळा. अणुबाँब जिथे फुटला, त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून तुम्ही जेमतेम 460 मीटरवर आहात. आवारातल्या लाकडी इमारती राहिल्या नाहीत. सहा तारखेच्या सकाळी इथे असलेली मुलं आणि शिक्षक मिळून सुमारे 160 जण गेले. ही पश्चिमेची इमारत काँक्रीटची, म्हणून उभी आहे. पण आतलं जळण्यासारखं सगळं जळून गेलंय आणि भिंती चुलीमागच्या भिंतीसारख्या काळ्याकुट्ट झाल्यात.

वर्गात बाकं नाहीत, जमिनीवर माणसं निजलीत. शाळेचं आता मदत केंद्र झालंय. शहरात 298 डॉक्टर होते, त्यांतले 270 मेले तरी किंवा जखमी झाले. त्यामुळे तुमच्यासमोर वाकून पट्टी सोडवणारा माणूस बहुधा बाहेरगावच्या पथकातला असणार. त्याच्याजवळ मर्क्युरोक्रोम आहे, थोडंसं जस्ताचं मलम आहे. तेही संपलं की भाजलेल्या अंगावर खायचं तेल लावायचं. पट्टी कातडीला चिकटलीय. तो ती ओली करतो, सोडवतो, चिमट्यानं जखमेतले किडे वेचतो आणि तीच पट्टी धुवायला टाकतो. दुसरी नाही.

काही दिवस पुढे सरका. आता ज्यांना ओरखडाही नव्हता अशी माणसंही येऊ लागलीत. केसांतून हात फिरवला तर केस मुठीत येतात, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर जांभळे ठिपके उठतात. रक्ताची हगवण बघून कित्येक डॉक्टरांना आमांशाची साथच वाटते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे स्विस डॉक्टर मार्सेल जुनो सुमारे 15 टन औषधं आणि साहित्य घेऊन हिरोशिमात येतात, तेव्हा पेनिसिलिन आणि रक्तद्रव या शहराला मिळतं. तोवर फार लोक गेलेले असतात.

आता जिन्याजवळच्या भिंतीपाशी उभे राहा. मला तुम्हाला आणायचं होतं ते इथेच. कोणीतरी शाळेतलाच खडूचा तुकडा उचललाय आणि काजळलेल्या भिंतीवर लिहितंय. जवळ जाऊन वाचा. कोणी आपलं नाव आणि नवा पत्ता लिहिलाय, म्हणजे शोधत येणाऱ्यानं तिकडे यावं. कोणी हरवलेल्या माणसाची चौकशी केलीय. कोणाला कुठे हलवलं, तेही कुठे कुठे लिहिलंय. घाईची अक्षरं, वाकड्या ओळी, एकावर एक. केसपेपरवर असतं तेच की हे! रुग्ण कोण, कसा आहे, कुठे पाठवला. एवढ्या हलकल्लोळात रीतसर नोंदी फारशा होऊच शकल्या नाहीत, म्हणून या भिंतीला मी दप्तराइतकंच मानतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला टोकियोहून एक पथक येतं. शास्त्रज्ञांच्या पाहणीचं चित्रीकरण करायचं काम त्यांच्याकडे आहे. त्यातले फोटोग्राफर शुनकिची किकुची भिंतीसमोर कॅमेरा लावतात. बाजूला व्हा, त्यांना पुरी भिंत हवीय. काळ्यावर पांढरी अक्षरं फिल्मवर उतरतात. मात्र ती इतक्यात लोकांपुढे यायची नाहीत, कारण ताबा घेतलेल्या अमेरिकी सैन्यानं 19 सप्टेंबरलाच वृत्तपत्रांवर निर्बंध घातलेत. किकुचींनी निगेटिव्ह सांभाळून ठेवल्या, त्यांच्या पश्चात घरच्यांनी ठेवल्या. आज आपण काही सांगू शकतो ते त्या चिकाटीमुळे.

शाळा पुन्हा भरते. पोरांना काळ्या भिंतींत कसं बसवायचं? भिंती साफ करतात, वरून गिलावा करतात. यात कोणाचीच चूक नाही. जगायला सुरुवात करायची तर भिंत पांढरी करावीच लागते. तुम्ही गिलाव्यासमोर उभे, आणि मागच्या अक्षरांसकट अर्धं शतक निघून जातं.

1999. इमारत पाडायचं घाटतंय. गिलावा सुटल्या जागी खाली काहीतरी दिसतं, आणि मग जुना फोटो शेजारी धरून भिंत हलक्या हातानं खरवडायला घेतात. बघा, अक्षरं तीच, वळणही तेच, पण रंग उलटा! फोटोत काळ्यावर पांढरं होतं, इथे पांढऱ्यावर काळं आहे. धुताना सगळी काजळी गेली, फक्त खडूच्या रेघांखालची त्या खडूनंच वाचवली. नंतर खडूही गिलाव्याबरोबर निघून आला आणि मागे काजळीची रेघ उरली. खडू कधीचा गेला, लिहिलेलं राहिलं.

फोटो नसता तर या डागांना कोणी अक्षरं म्हटलं असतं का, शंकाच आहे. भिंत नसती तर फोटो कुठला, याचा पुरावा नव्हता. दोन्ही हाती आल्यावर शोधाशोध सुरू झाली, आणि काही ओळींमधल्या नावांचे नातेवाईक सापडले. त्यांनी येऊन आपल्या माणसाचं अक्षर ओळखलं. भिंतीवर फक्त आडनाव होतं, तिथे आता घर आणि वयही जोडलं गेलं.

इमारतीचा एक भाग पाडायचा राहिला आणि 2002 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. शाळा शेजारीच भरते. निघण्यापूर्वी तळघरातही उतरा. त्या सकाळी खाली असलेली तीन मुलं इथेच वाचली होती.